शंभर डोसांची कुपी

गावठी कोंबडीला लस द्यायची तर उजाडायच्या आत तिच्या दारात पोचावं लागतं. खुराड्याची फळी एकदा बाजूला झाली की ती उकिरड्यावर, कुंपणाखाली, शेजारच्या पडवीत, कुठेही असते आणि धरायला गेलं तर थेट कौलावर. काही तर रात्रीही खुराड्यात येत नाहीत, आंब्याच्या फांदीवर झोपतात. माझ्या नोकरीच्या काळात जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते; पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. तिथल्या श्रेणी-दोनच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. कार्यालयाची वेळ हजेरीपुस्तकात लिहिलेली असायची, पण लसीकरणाच्या दिवसांत माझी वेळ कोंबड्या ठरवत.

दवाखान्यात कोंबडीचा नंबर नेहमी शेवटचा. आधी बैल, मग गाय-म्हैस, मग शेळी. गाय अडली तर माणसं अपरात्री धावत येतात. कोंबड्या मेल्या तर कुणी सांगायलाही येत नाही. आठवडी बाजारात चहा पिताना सहज बोलण्यात निघतं, 'या साली समद्या गेल्या.' एवढंच. याचं एक कारण मला उशिरा कळलं. बैल घरधन्याचा असतो, कोंबड्या बाईच्या असतात. मीठ-मिरची, पोराची वही, अचानक आलेला पाहुणा, वाघबारशीला देवापुढे करायचा कोंबडा, हे सगळं ती आपल्या खुराड्यातून भागवते. दवाखान्यात मात्र बाप्ये येतात. त्यामुळे तिचं नुकसान आमच्या रजिस्टरपर्यंत पोचतच नसे.

नुकसान व्हायचं ते बहुतेक मानमोडीने. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जवळजवळ एकाच सुमारास हा विषाणू नोंदला गेला, आणि मग थोड्याच काळात आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेतला. पाड्यावर तो येतो तेव्हा आधी एखादी कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली दिसते. चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट हगते, पंख लोंबतात. त्यातून चार दिवस तगलीच तर मान पाठीकडे पिळते आणि ती जागच्या जागी गिरक्या घेऊ लागते. लस नसलेल्या पाड्यावर साथ शिरली की दहातली एखादी उरते, कधी तीही नाही.

आणि ती पसरवतो आपणच. पहिली कोंबडी मरगळली की घरातलं शहाणं माणूस उरलेल्या बाजारात नेतं. मरण्याआधी दोन पैसे येतात. त्यांना दोष देण्याची माझी कधी छाती झाली नाही. घरात दुसरं विकायला काय असतं? पण त्या बाजारातून तीच कोंबडी दुसऱ्या पाड्यावर जाते, आणि तिथे आठवड्याभरात तोच खेळ सुरू होतो. मेलेली कोंबडी ओढ्याकाठी साफ करायची, पिसं नि आतडी तिथेच टाकायची, ही आणखी एक वाट. आखाडात, गटारीच्या आधी, कोंबड्यांची ये-जा सगळ्यात जास्त असते. म्हणून लस त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्याच्या तोंडाशीच होऊन जायला हवी असा माझा हट्ट असायचा.

आता लशीकडे येतो. मानमोडीवरच्या लासोटा लशीची आमच्याकडे यायची ती लहानात लहान कुपी शंभर डोसांची. तळाशी फिकट रंगाची एक वडी, तीत वाळवून झोपवलेला जिवंत विषाणू. सोबतच्या पाण्यात ती विरघळवली की तो जागा होतो आणि त्याचं आयुष्य सुरू होतं ते दोन तासांचं. उन्हाळ्यात मी तासाच्या वर धरत नसे. पुढे तो मेला की कुपीत फक्त पाणी. दिसायला काही फरक नाही. डोळ्यात थेंब पडतो, कोंबडी डोकं झटकते, सगळ्यांना वाटतं काम झालं.

पाड्यावरच्या एका घरी सात-आठ कोंबड्या. एका घरासाठी कुपी फोडली तर नव्वद डोस वाया, आणि कुपी वाया घालवली म्हणून वर लेखी खुलासा. म्हणजे डझनभर घरं एकाच पहाटे, तासा-दोन तासांत, कोंबड्या कोंडून तयार पाहिजेत. माझी निम्मी नोकरी हे जुळवण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल. डोळ्यात थेंब टाकायला शिकणं हे अर्ध्या तासाचं काम. आदल्या संध्याकाळी पाड्यावर चालत जाऊन, प्रत्येक दारात उभं राहून 'उद्या आम्ही येईपर्यंत कोंबड्या सोडू नका' हे पटवणं, हे खरं लसीकरण.

एका पाड्यावर हे माझ्यासाठी एक म्हातारी करायची. आम्ही तिला आजीच म्हणायचो. तिला लशीचं शास्त्र सांगायला मी एकदा सुरुवात केली तर तिने हात करून थांबवलं. 'डाक्टर, तू किती वाजता येशील तेवढं सांग. बाकी मला कळतं.' पहाटे मी पोचायचो तेव्हा प्रत्येक अंगणात डालग्याखाली कोंबड्या झाकलेल्या असत, आणि वर दगड. ज्या झाडावर झोपत त्या पोरांनी अंधारातच उतरवून आणलेल्या. खुडूक बसलेली एखादी असली तर तिला अंड्यांवरून उठवायचं नाही, तिथेच हलकेच मान धरून थेंब टाकायचा, हा नियम तिने मला घालून दिला होता. कोंबडी चिडून उठली तर अंडी गार होतील आणि बाई पुढच्या वेळी दार उघडणार नाही. बरोबरच होतं तिचं.

लस पुण्याहून, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेतून निघायची आणि जिल्ह्यामार्गे आमच्यापर्यंत यायची. दोन ते आठ अंश, एवढीच तिची अट. त्या वर्षांत भारनियमन इतकं होतं की दवाखान्यातला फ्रिज दिवसाच्या बऱ्याच वेळी नुसतं कपाट असे. आम्ही बर्फाच्या पिशव्या आत लावून दार बांधून ठेवायचो. कारण नसताना तो उघडायची कुणाला परवानगी नव्हती, शिपायाच्या पाण्याच्या बाटलीलाही नाही. पाड्यावर जाताना थर्मासमध्ये बर्फ. बर्फ मिळायचा तो कुल्फीवाल्याकडे, आणि तोही यात्रेच्या दिवसांत स्वतःला पुरवून उरला तर. जव्हारचा लसीकरणाचा कार्यक्रम कुल्फीवाल्याला विचारून ठरतो असं मी एका बैठकीत बोलून गेलो, तेव्हा सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

पाण्याची गोष्ट अशीच. पिल्लं फार असली तर एकेकीच्या डोळ्यात थेंब टाकत बसण्यापेक्षा पिण्याच्या पाण्यातून लस देता येते. पण ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते, आणि टाकलीच पाहिजे, माणसांसाठी. त्याच पाण्यात लस कालवली की विषाणू तिथल्या तिथे मरतो. त्यावर उपाय साधा आहे: झऱ्याचं पाणी आणायचं, किंवा लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाकून थोडं थांबायचं आणि मग लस घालायची. भांडं मातीचं किंवा प्लास्टिकचं, राखेने किंवा साबणाने नुकतंच घासलेलं नको. कोंबड्या आधी तासभर तहानलेल्या ठेवायच्या, म्हणजे त्या एकदम पितात. हे सगळं सांगितलं की ऐकणारा म्हणायचा, एवढं कोण करतं? जे करायचे त्यांच्या कोंबड्या उरायच्या. पण साथ एखाद्या वर्षी आलीच नाही तर न करणाऱ्यांच्याही उरायच्या, आणि मग पुढच्या वर्षी माझं कोण ऐकणार!

मोठ्या कोंबड्यांना, म्हणजे आठ आठवड्यांच्या पुढच्या तलंगांना, मानमोडीचीच आरटूबी लस टोचायची. ती मुक्तेश्वरच्या विषाणूपासून केलेली. मुक्तेश्वरची पशुरोग संशोधन संस्था हीदेखील मूळची आपल्या पुण्याची. १८८९ साली पुण्यात तिची प्रयोगशाळा सुरू झाली आणि चार वर्षांनी हिमालयात हलली. आरटूबी जोरकस आहे, संरक्षण लांब पल्ल्याचं देते. पण त्या जोरामुळेच लहान पिल्लांना ती चालत नाही, अंड्यावरच्या कोंबडीचं अंडं काही दिवस बंद पडतं, आणि आधीच हडकुळ्या कोंबडीचे पाय जाऊ शकतात. टोचल्यावर दोन-तीन दिवस मरगळ येते. ती मरगळ येणार हे आधी सांगितलं तर बाई ऐकून घेते. नंतर सांगितलं तर ती सबब ठरते.

सगळ्यात अवघड होतं ते मधल्या दिवसांचं. लस दिल्यापासून अंगात पुरेसं संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रोगाचा विषाणू मात्र अंगात शिरून पाच-सहा दिवस गप्प बसू शकतो. म्हणजे सोमवारी मी लस दिली त्या कोंबडीत तो रविवारीच शिरलेला असेल, तर शुक्रवारी ती मरणार. बाईच्या हिशोबात ती माझ्या लशीने मेली. मोखाड्याच्या एका पाड्यावर एका बाईने मला अंगणातच गाठलं. 'तू टोचल्या त्या मेल्या, शेजारणीने लपवल्या त्या जिवंत.' तिच्या बाजूने पाहिलं तर पुरावा पक्का होता. मी तिला एवढंच म्हटलं, की शेजारणीच्या पंधरा दिवस बघ. शेजारणीच्याही गेल्या, पण त्याने तिचा माझ्यावरचा राग गेला नाही, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. म्हणून पुढे मी एक पथ्य पाळलं: पाड्यावर एकही कोंबडी मरगळलेली असली तर त्या घरापासून सुरुवात करायची नाही. आधी लांबची, निरोगी घरं. आजारी घराला हात लावायचा तो शेवटी, आणि त्या कपड्यांनी दुसरीकडे जायचं नाही. सुई तर प्रत्येक घराला वेगळी.

लोकांचा विश्वास बसला तो देवीच्या लशीवर. कोंबड्यांच्या देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात, शीर चुकवून, दोन टोकांच्या सुईने द्यायची. आठ-दहा दिवसांनी तिथे खपलीची पुळी येते. पुळी आली म्हणजे लस लागली, नाही आली तर पुन्हा द्यायची. डोळ्याला दिसणारी ही एकच लस. म्हाताऱ्या बायका आपल्या दंडावरचे जुने वण दाखवून सुनांना समजावत, मला बोलावंच लागत नसे. पंख उघडून पुळी दाखवायला त्या स्वतः यायच्या. मानमोडीच्या लशीची अशी खूण अंगावर उमटत नाही. रक्त तपासून तिचा हिशोब लागतो, पण पाड्यावर रक्त कोण तपासणार?

२००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच नोंद. एच५एन१ असल्याचं भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून पथकं मागवली गेली. त्यात माझं नाव होतं. अंगभर पांढरा पोशाख, गॉगल, मुखपट्टी, रोज टॅमिफ्लूची गोळी. शेडच्या शेड रिकाम्या केल्या, खड्ड्यांत चुना टाकून पुरल्या. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. लोक तेव्हाही विचारत आणि आजही विचारतात, की त्या रोगावर लस का देत नाहीत? कारण असं, की लस दिलेली कोंबडी दिसायला धडधाकट राहून विषाणू बाहेर टाकत राहू शकते, आणि रोग कुठे आहे हे कळेनासं होतं. माणसाला मारू शकणाऱ्या विषाणूच्या बाबतीत हा धोका पत्करायचा नाही, असं सरकारचं धोरण होतं. धोरण मला पटतं. पण त्याचा भुर्दंड माझ्या पाड्यांवर पडला. परतल्यावर थर्मास घेऊन गेलो तर एकीने दारातूनच विचारलं, 'टोचाया आलास का माराया?' टीव्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्या उन्हाळ्यात कित्येक खुराडी माझ्यासाठी उघडलीच नाहीत, आणि मानमोडी तर बर्ड फ्लूची वाट बघत थांबलेली नव्हती.

निवृत्तीनंतर वाटलं होतं की कोंबड्या सुटल्या. पण सिन्नरजवळ भाच्याने ब्रॉयलरची शेड टाकली, करारावरची. पिल्लू, खाद्य, औषध, लस कंपनीची, शेड, पाणी, वीज, मेहनत याची, पैसे किलोमागे. 'मामा, लस त्यांची, पिल्लू त्यांचं, मग मरतुक माझ्या माथी का?' हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. इथे कोंबडीमागे धावावं लागत नाही, हजारोंनी समोर बसलेली असतात. वाटलं, आता तरी लस सोपी असेल.

तशी ती नाही. मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली टोचून येते. पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात, बाराव्या-चौदाव्या दिवशी गंबोरोची, मग लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून. वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. पण पिल्लू आईकडून बलकातून तयार प्रतिपिंडं घेऊन जन्मतं, आणि ती दर चार-पाच दिवसांनी निम्म्यावर येत ओसरतात. फार लवकर लस दिली तर आईने दिलेली प्रतिपिंडंच लशीचा विषाणू मारून टाकतात. उशीर केला तर शेडमधला खरा विषाणू आधी गाठतो. त्यात एका गाडीतली पिल्लं निरनिराळ्या कळपांच्या आयांची, म्हणजे काही अजून आईच्या छत्राखाली, काही उघड्यावर. सगळ्यांना एकच तारीख. डोळ्यातल्या थेंबाचं महत्त्व इथे कळतं: डोळ्यामागे हार्डेरियन नावाची एक ग्रंथी असते, ती तिथल्या तिथे संरक्षण उभं करते आणि आईची प्रतिपिंडं तिला फारशी आडवी येत नाहीत.

थेंब टाकायला शेजारच्या वाडीतल्या बायका येतात. चिक गार्डच्या गोलात पिल्लं गोळा करून एकेक उचलायचं, थेंब टाकायचा, डोळा मिटेपर्यंत धरायचं, पलीकडे सोडायचं. हात इतके चालतात की बघत राहावं. पण नगावर पैसे ठरले की डोळा मिटायची वाट कुणी बघत नाही. भाच्याला मी सांगितलं, रोजावर पैसे दे, नगावर नको. तो कुरकुरला. मग द्रावणात निळा रंग घातला आणि काम झाल्यावर मूठभर पिल्लांच्या जिभा उघडून पाहिल्या; डोळ्यातला थेंब नाकावाटे जिभेवर उतरतो. निम्म्याशिम्म्या जिभा कोऱ्या होत्या. त्या दिवसापासून रोज ठरला.

गंबोरोबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बाकीच्या लशींचं भवितव्य त्यावर आहे. पिल्लाच्या गुदद्वाराच्या वर एक छोटी पिशवी असते, बर्सा. १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी दाखवून दिलं की ती काढून टाकलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं तयार करू शकत नाहीत. पुढे माणसातल्या बी-पेशी समजल्या त्या या धाग्यावरून. गंबोरोचा विषाणू नेमका याच पिशवीवर बसतो. पिल्लू वाचलं तरी पिशवी बाद होते, आणि मग लासोटा कितीही ताजी, कितीही थंड आणून दिली तरी प्रतिसाद द्यायला आत कुणी नसतं. शेतकरी म्हणतो, लस फेल गेली. बाटली कंपनीकडे परत पाठवतो. मी म्हणतो, आधी मेलेलं पिल्लू उघड आणि बर्सा बघ: सुजलेली आहे, रक्ताळलेली आहे, की आकसून गेली आहे.

हिवाळ्यात सिन्नरला रात्री चांगल्याच गार असतात. भाचा पडदे घट्ट लावून घ्यायचा. पहाटे शेडमध्ये शिरलं की अमोनिया डोळ्यांना झोंबायचा. माझ्या उंचीवर झोंबतो तर तुसावर बसलेल्या पिल्लाचं काय? श्वासनलिकेतली बारीक केसांची लव त्याने जळते आणि विषाणूला मोकळी वाट मिळते. पडद्याची वरची पट्टी उघडी ठेव, ओलं तूस उकरून चुना मिसळ, ब्रुडरची उष्णता वाढव. डिझेल-कोळसा जास्त लागेल, लागू दे. हे त्याला खर्चाचं वाटलं. त्याच आठवड्यात एक विक्रेता येऊन प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधाच्या बाटल्या देऊन गेला, त्या त्याने बिनबोभाट घेतल्या. अशा बाटल्यांबद्दल माझं मत कडक आहे. ई जीवनसत्त्व, सेलेनियम यांचा उपयोग आहे, लशीच्या आगेमागे ताण कमी करायला ती दिली तर मी अडवत नाही. हळद-लसूण पाण्यात घालणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. पण पावसाळ्यात भिजलेल्या मक्यावरची बुरशी जे अफ्लाटॉक्सिन सोडते, ते प्रतिकारशक्तीचं जे वाटोळं करतं ते कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. खाद्याचं पोतं उघडून नाक घालून वास घ्यायला काही लागत नाही. तेवढं करणारा शेतकरी मला क्वचित भेटला.

हे सगळं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की आपल्याकडे लशीचा तुटवडा फारसा कधी नव्हता. तिच्या आधीचा आणि नंतरचा तास कुणाचाच नव्हता. तो ना दवाखान्याच्या उद्दिष्टात येतो, ना कंपनीच्या तक्त्यात. उद्दिष्टात येतात ते डोस. कागदावर दिलेले डोस आणि कोंबडीच्या अंगात लागलेले डोस यांतला फरक नोकरीत मला कुणी विचारला नाही.

ज्यांच्या घरी पाच-दहा कोंबड्या आहेत त्यांना माझं सांगणं इतकंच आहे. उन्हाळा सुरू होण्याआधी जवळच्या दवाखान्यात जा, आणि एकटे जाऊ नका, दहा-बारा घरांची यादी घेऊन जा; शंभर कोंबड्या दाखवल्या की कुपी फोडायला कुणाची हरकत नसते. आदल्या रात्री कोंबड्या कोंडा. लस घेऊन येणाऱ्याकडे बर्फ आहे का हे आधी बघा, नसेल तर चहा पाजून परत पाठवा. कोंबडी मरगळलेली असेल तर लपवू नका आणि बाजारात नेऊ नका. आणि घरातल्या बाईला बरोबर न्या. कोंबड्या किती, कुठली आजारी, कुठली अंड्यावर, हे तिलाच ठाऊक असतं.